सहाशे पेपर म्हणजे खूप की थोडे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर दिलं जाणार नाही. तुम्ही नाशिकमधून संगणक शाखेत बी.ई. केलंत, तीन वर्षं पुण्यात नोकरी केलीत आणि आता परराज्यातल्या एका तंत्रविद्यापीठात पीएच.डी.च्या मुलाखतीला निघाला आहात. त्यांच्या माहितीपुस्तिकेत संगणन आणि दळणवळण (म्हणजे कम्युनिकेशन) या विषयांतल्या पाच वर्षांच्या पेपरांची, म्हणजे शोधनिबंधांची, यादी आहे, सहाशेच्या वर नोंदी, शिवाय चाळीस पेटंटं. तुम्ही विचारताय की हा आकडा चांगला म्हणायचा का, आणि गाईड निवडताना या यादीत काय बघायचं.

मला वाटतं तुमच्या मनातला प्रश्न जरा वेगळा आहे. ज्या माणसाच्या हाताखाली तुम्ही आयुष्याची चार-पाच वर्षं घालणार, तो संशोधन करतो की नुसतं छापतो, हे तुम्हाला हवंय. यादीवरून ते कळतं, पण आकड्यावरून नाही.

मी २४ वर्षं नाशिकमध्ये ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार, शिकवते आहे. त्यातली सहा वर्षं रिसर्च सेल, म्हणजे संशोधनाच्या नोंदी ठेवणारा कक्ष, माझ्याकडे होता, त्यामुळे अशा याद्या मी नुसत्या वाचलेल्या नाहीत, केल्यासुद्धा आहेत. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी सुरू झाली की प्रत्येक विभागात एक्सेलचा तक्ता फिरतो. जो तो आपापले पेपर भरतो. एका पेपरवर विभागातले तिघे असले तर तो पेपर तीनदा येतो, आणि दरवेळी शीर्षकात एखादं अक्षर इकडचं तिकडे असल्यामुळे एक्सेललाही ते सापडत नाही. पहिल्या वर्षी मी दोन रात्री बसून दुबार नोंदी काढल्या तर यादी जवळजवळ एक तृतीयांश आटली. वरून विचारणा झाली, 'मॅडम, आकडा कमी का झाला?' तेव्हा पहिलं काम हे करा: यादी शीर्षकानुसार लावून घ्या आणि दुबार नोंदी काढा. मग उरलेल्या आकड्याला शिक्षकांच्या संख्येने आणि वर्षांनी भागा. साठ शिक्षक असतील तर पाच वर्षांत सहाशे म्हणजे माणशी वर्षाला दोन. आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवून वर्षाला दोन पेपर ठीक आहेत. हाच आकडा दहा-बारा जणांचा असेल, तर मात्र मला आनंदापेक्षा शंका जास्त येईल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही एम.टेक.ला निघाला असतात तर मी म्हटलं असतं की यादी बाजूला ठेवा, प्रयोगशाळा आणि प्लेसमेंट बघा. पीएच.डी.ला तसं चालणार नाही. दुसरं म्हणजे उपशाखा. अल्गोरिदमच्या सिद्धांतावर काम करणारा माणूस दोन वर्षांत एक पेपर काढतो आणि त्यात काही वावगं नाही. मशीन लर्निंगमध्ये तेवढ्या वेळात सात-आठ निघतात. अँटेनावाल्यांना डिझाइन करून, बनवून घेऊन, मोजमाप करून लिहायचं असतं, त्यांचा वेग त्यांच्या यंत्रांवर ठरतो. या तिघांना एकाच तराजूत घालणारा कुठलाही निर्देशांक, मग तो हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला, पेपरांची संख्या आणि त्यांना मिळालेले उल्लेख यांवरून काढायचा एच-इंडेक्स का असेना, तुम्हाला फसवेल.

संगणनाची आणखी एक खोड आहे. बाकीच्या विज्ञानांत जर्नल मोठं आणि परिषद म्हणजे चहापान, असं समजतात. संगणनात पुष्कळदा उलटं असतं. ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर आजचे जवळजवळ सगळे भाषिक मॉडेल उभे आहेत, ती २०१७ मध्ये एका परिषदेतच मांडली गेली. पण आपल्याकडे 'परिषद' या एका शब्दात न्यूरिप्ससारखी मशीन लर्निंगची नामांकित परिषदही येते आणि एखाद्या हॉटेलच्या सभागृहात एका दिवसात दोनशे पेपर उरकणारा कार्यक्रमही येतो. चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही प्रकारच्या परिषदांवर आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचं नाव असू शकतं, कारण नुसतं तांत्रिक सहप्रायोजकत्वही असतं. तेव्हा शिक्क्यावर जाऊ नका. ती परिषद दरवर्षी होते का, कार्यक्रम समितीत कोण आहे आणि आलेल्यांपैकी किती पेपर नाकारले जातात, ते बघा.

मोजणी कशी चुकते याची दोन उदाहरणं मी दरवर्षी वर्गात देते, दोन्ही दळणवळणातली आहेत. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत (आपल्या पुण्याच्या नव्हे) डॉक्टरेटच्या प्रबंधात एलडीपीसी कोड (वाटेत संदेशात शिरलेल्या चुका दुरुस्त करणारे कोड) मांडले. त्या वेळच्या यंत्रांना ते डीकोड करणं झेपणारं नव्हतं, म्हणून तीसेक वर्षं ते जवळजवळ पडून राहिले. नव्वदीच्या दशकात लोकांनी ते पुन्हा शोधून काढले. आज तुमचा ५जी फोन डेटा उतरवून घेतो तो याच कोडवर. गॅलेगर यांचे एक विद्यार्थी एर्दाल आरिकान, तुर्कस्तानातल्या बिलकेंट विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी पीएच.डी.च्या काळापासूनचा एक प्रश्न सोडला नाही आणि २००९ मध्ये एकट्याच्या नावावर एक पेपर छापला: पोलर कोड, हेही चुका दुरुस्त करणारेच. २०१६ मध्ये ५जीच्या नियंत्रण वाहिनीसाठी, म्हणजे फोन आणि टॉवर यांच्यातल्या सूचनांसाठी, ते निवडले गेले. म्हणजे गुरूचा कोड डेटाला आणि शिष्याचा कोड नियंत्रणाला, एकाच फोनमध्ये. आमच्या तक्त्यात त्या पेपरासाठी आरिकान यांच्या नावापुढे नुसता '१' पडला असता आणि सेलची बाई, म्हणजे मीच, त्यांना स्मरणपत्र पाठवत बसले असते.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे त्याच वर्षी बी.टेक. झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात (म्हणजे संख्या मोठी झाली तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात) ठरवायची पद्धत दिली. लेख नऊ पानांचा. जर्नलमध्ये छापून यायला २००४ उजाडलं. तुम्ही पीएच.डी.ला निघालाय म्हणून सांगते, त्या पेपरात गाईडच्या जोडीला दोन पोरांची नावं आहेत, आणि ती शोभेला लावलेली नाहीत.

आता नाशिकचं आणि माझं स्वतःचं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एम.ई.च्या एका विद्यार्थ्याने द्राक्षाच्या पानावरचा रोग ओळखायचं मॉडेल केलं. विषय म्हणाल तर नाशिककराला साजेसा. डेटा घेतला प्लांटव्हिलेजचा, जो सगळेच घेतात: पन्नास हजारांवर छायाचित्रं, चौदा पिकं, प्रत्येक पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेलं. अचूकता नव्वदच्या पुष्कळ वर आली. मी म्हटलं, चल, तुझ्या मामांच्या बागेत जाऊन बघू. पिंपळगाव बसवंतच्या पुढे बाग होती, ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, दोन दिवस पाऊस झालेला. पोराने मोबाइल पानावर धरला. मोबाइल म्हणाला, ब्लॅक रॉट. शेजारचं पान, ब्लॅक रॉट. बोर्डो या फवारणीच्या औषधाचे निळसर डाग पडलेलं एक चांगलं पान, तेही ब्लॅक रॉट. मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एक पान उलटं केलं, खालच्या बाजूची पांढरी बुरशी दाखवली आणि म्हणाले, 'मॅडम, डाऊनी खालून बघायची असते.'

आम्ही परत येऊन डेटा उघडला. त्यात द्राक्षाचे चारच कप्पे आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, एक पानकरपा आणि निरोगी. डाऊनी नाही, भुरी नाही. निफाड-दिंडोरीचा बागायतदार ज्या दोन रोगांच्या भीतीने रात्री उठून आभाळाकडे बघतो, ते दोन्ही त्या डेटात नाहीत. मॉडेल तरी काय करणार, त्याला चार दारं माहीत होती, त्यातल्या एकात ते गेलं. यात नवीन काही नव्हतं, हे नंतर कळलं. या डेटावरच्या २०१६ च्या मूळ अभ्यासातच लिहिलंय की त्याच संचावर ९९.३५ टक्के अचूकता मिळाली, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रं दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली. मूळ लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलेलं ते वाक्य, त्यांच्यानंतर आलेल्या ढीगभर पेपरांनी वाचलेलं दिसत नाही.

आम्ही तो पेपर पाठवलाच नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पाठवला. विद्यार्थ्याला पदवीसाठी हवा होता, मला तक्त्यासाठी. छापूनही आला. बागेतला प्रसंग त्यात नव्हता.

म्हणून यादीतला 'डिटेक्शन युजिंग डीप लर्निंग' असा कुठलाही पेपर उघडलात की सारांशातल्या टक्क्यांकडे बघू नका. डेटा कुणाचा, कुठे काढलेला, आणि ज्या ठिकाणी ही वस्तू वापरायची तिथे कुणी ती नेऊन बघितली का, एवढं शोधा. गाईडच्या पाच पेपरांत पिकं, रोग, फुप्फुसं, रस्त्यावरचे खड्डे असे पाच विषय आणि मॉडेल मात्र एकच दिसलं, तर तो माणूस प्रश्नाच्या मागे नाही, साचा घेऊन फिरतोय. एकच प्रश्न तीन-चार वर्षं वेगवेगळ्या अंगांनी धरलेला दिसला, आधीच्या पेपरातली चूक पुढच्यात कबूल केलेली दिसली, तर नाव लिहून ठेवा.

वाईट माल ओळखणं त्या मानाने सोपं आहे. २०१० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) शिक्षकांच्या बढतीला एपीआय गुण, म्हणजे पेपर वगैरे मोजून द्यायचे गुण, जोडले आणि त्यानंतर पैसे घेऊन छापणारी जर्नलं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. माझाही एक पेपर त्या काळात अशा ठिकाणी आहे. पाठवल्याच्या तिसऱ्या दिवशी स्वीकारल्याचा मेल आला, परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा आणि त्याखाली बँकेचा खाते क्रमांक. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुधा.

आता प्रकार जास्त चलाख झालाय. दुसऱ्याचा मजकूर यंत्राकडून शब्द बदलून घ्यायचा, म्हणजे चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडत नाही. २०२१ मध्ये गियोम कबानाक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे छळलेले शब्दप्रयोग गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'चं 'कलॉसल इन्फर्मेशन'. मराठीत सांगायचं तर कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या पेपरात कुणी जागोजाग 'बनावट जाणीव' लिहावं तसं. असे शब्द संगणनाच्या पेपरांत दिसले की खुशाल पान मिटा. मग मागे घेतलेले पेपर. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर हिंदावी या एकट्या प्रकाशकाच्या जर्नलांतले होते, आणि त्यांत बिनतारी दळणवळण आणि संगणकीय बुद्धिमत्तेची जर्नलंही होती. २०२५ पासून एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीनेही अशा पेपरांसाठी गुण कापायला सुरुवात केली आहे. तुमच्या संभाव्य गाईडचं प्रत्येक शीर्षक शोधून बघा, 'रिट्रॅक्टेड' हा शब्द पुढे लागलाय का. एखादा निघाला म्हणून लगेच माणूस वाईट ठरत नाही, मोठ्या लेखकमंडळात कधी कधी माहीतही नसतं. चार निघाले तर विचारायचीही गरज नाही.

पेटंटांबद्दल थोडक्यात. चाळीस हा आकडा ऐकून दबू नका. भारतात अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, घाई असेल तर वेगळा फॉर्म भरून त्याआधीही. 'प्रकाशित' म्हणजे 'मंजूर' नव्हे, पण यादीत दोन्ही 'पेटंट' म्हणूनच येतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे अर्ज करणं स्वस्त झालं. काही ठिकाणी तर परदेशात केलेली नुसती डिझाइनची नोंदणीही पेटंट म्हणून मिरवतात. शिवाय आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसता अल्गोरिदम किंवा नुसता संगणक प्रोग्राम पेटंटपात्र नाही. संगणक विभागाची चाळीस पेटंटं असतील तर एवढंच विचारा, मंजूर किती आणि कुणी वापरायला घेतली का.

दुसऱ्या बाजूने, कामाच्या कित्येक गोष्टी यादीत येतच नाहीत. दळणवळणात सगळ्यात भारी काम पुष्कळदा मानकांच्या बैठकांत होतं. ५जीच्या आवश्यकता ठरत होत्या तेव्हा भारताच्या टीएसडीएसआय या दूरसंचार मानक संस्थेने मुद्दा लावून धरला की आपल्याकडे गावं विखुरलेली, माणसं फार वेगाने न फिरणारी, तेव्हा टॉवरमधलं अंतर सहा किलोमीटर धरून चाचणी व्हावी. आयटीयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, ते मान्य केलं. त्यामागे आयआयटी मद्रास आणि आयआयटी हैदराबादमधल्या लोकांचं काम होतं. सुरगाणा किंवा पेठकडे जाताना फोनची कांडी घाटात कुठे जाते हे ज्याने अनुभवलंय, त्याला या सहा किलोमीटरांचं मोल वेगळं सांगायला नको. पेपर म्हणून त्याची किंमत किती? एक-दोन नोंदी. गावातलंच सांगायचं तर २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या मुलांनी अशिओटो नावाची चटई लावली होती, पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी. गर्दी कुठे तुंबतेय हे कळावं म्हणून. मी तरी त्याला संशोधनच म्हणते. म्हणून गाईडला विचारा, तुमच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाऊन कुणी वापरतंय असं काय आहे?

आता मुलाखतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय कराल. तुम्हाला हवे ते दोन-तीन प्राध्यापक धरा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पाच वर्षांतल्या पेपरांत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. विद्यार्थ्यांचं असेल तर उत्तम. प्रत्येक पेपरावर तेच सहा सहकारी, नुसता क्रम फिरता, असेल तर ती भिशी आहे, दर महिन्याला एकाचा नंबर. मग शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जा. त्यांच्या हाताखाली झालेल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे असतील. नोंदणी कधी, पदवी कधी, हे बघा. एखाद्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण वाचा. तिथे 'पुढील काम' म्हणून जे लिहिलंय ते पुढच्या विद्यार्थ्याने खरंच उचललं का, हे कळलं की त्या गटाची अर्धी कुंडली कळली.

विद्यापीठाचे नियमही विचारून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे, पण विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात आणि पुष्कळांनी ठेवली आहे. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे कुठला पेपर धरायचा हे आता संस्थाच ठरवते. 'स्कोपसमधले दोन' (स्कोपस ही निवडक जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची) अशी अट असेल तर ते दोन कुणाच्या खर्चाने छापायचे हेही विचारा. विचारायला संकोच वाटेल, पण चौथ्या वर्षी खिशातून भरताना जास्त वाटेल.

आणि मुलाखत झाली की लगेच स्टेशन गाठू नका. त्या प्राध्यापकाचा तिसऱ्या-चौथ्या वर्षातला एखादा विद्यार्थी शोधा, कॅन्टीनला चहा पाजा. 'सर कसे आहेत?' असं विचारू नका, 'चांगले आहेत' एवढंच उत्तर मिळेल. त्याचा शेवटचा पेपर कुठून परत आला आणि परत आल्यावर सर काय म्हणाले, ते विचारा. तो हसला आणि सांगत सुटला तर चांगलं. त्याने आधी मागे वळून बघितलं, तर तुम्ही चहा संपवा आणि दुसरं नाव बघा.

त्या दोन-तीन प्राध्यापकांपैकी ज्याचं काम तुम्हाला सगळ्यात पटलंय, त्याच्या दहा पेपरांची शीर्षकं इथे टाकलीत तर मी नजर फिरवीन, दळणवळणातली असतील तर जरा बारकाईने. फक्त रविवारनंतर. सध्या ओरल चालू आहेत आणि घरी गणपतीच्या आवराआवरीला हात लागलेला नाही.